कांडीवाली म्हणजे कोण?

ही गोष्ट २०२१ च्या गणपतीनंतरची. असंघटित कामगारांसाठी सरकारनं ई-श्रम कार्ड नुकतंच सुरू केलं होतं. आमच्या काल्हेरमध्ये देवळाच्या सभामंडपात बचत गटाच्या आम्ही बायकांनी त्याची नोंदणी ठेवली होती. एक टेबल, एक लॅपटॉप आणि नव्या टॉवरमधला एक कॉलेजचा मुलगा. मुलगा मोठा गुणी. प्रत्येकीला नाव, आधार, बँकेचं खातं विचारायचा आणि मग विचारायचा, “मावशी, काम काय करता?”

आमच्या मागच्या आळीतल्या एक मावशी पुढे झाल्या. वय अठ्ठावन्न. कार्ड एकोणसाठ वर्षांपर्यंतच मिळणार होतं, म्हणजे मावशी थोडक्यात बसल्या.

“काम काय करता?”

“आता काही नाही. आधी कांडी भरायची.”

“कँडी? म्हणजे गोळ्या-चॉकलेटच्या फॅक्टरीत?”

सगळ्या बायका खो खो हसल्या. मावशीही हसल्या. मुलगा बिचारा गोरामोरा झाला. त्यानं यादी वरखाली करून पाहिली आणि म्हणाला, “सापडत नाहीये. घरकाम लिहू का?”

“लिही बाबा. घरकाम तर काय, केलंच आहे जन्मभर,” मावशी म्हणाल्या आणि अंगठा टेकायला पुढे झाल्या.

मी बाजूलाच रजिस्टर घेऊन बसले होते. मी हसले नाही. कारण मावशींनी ज्या कारखान्यात बावीस वर्षं कांडी भरली, तो कारखाना आमच्याच जागेत होता.

तर मैत्रिणींनो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी कांडी सांगते. कापडात उभे धागे असतात तो ताणा आणि आडवे असतात तो बाणा. आडवं सूत धोट्यातून इकडून तिकडे पळतं. त्या धोट्याच्या पोटात लाकडाची एक वीतभर दांडी असते, सुतानं गच्च भरलेली. ती कांडी. ती काही मिनिटांत संपते. संपली की विणकर माग थांबवतो, भरलेली कांडी घालतो आणि माग पुन्हा चालू करतो. या रिकाम्या कांड्या भरायचं काम बहुतेक बायकांकडे. म्हणजे विणणारा कितीही हुशार असो, भरलेली कांडी हाताशी नसेल तर त्याचा माग जागचा हलत नाही. आणि हे काम सरकारी यादीत आम्हाला सापडेना.

मी बी.ए. इतिहास घेऊन केलं. परीक्षेत शिवकाल, पेशवाई, फ्रेंच राज्यक्रांती सगळं लिहिलं. पण अंगणापलीकडे पंचवीस-तीस वर्षं जे चाललं होतं, त्याचा एक कागद माझ्याजवळ नव्हता. त्या रात्री ठरवलं, निदान विचारायचं तरी. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मी आळीतल्या जुन्या माणसांकडे जाऊन बसत गेले. वही घेऊन गेलं की लोक बिचकतात, म्हणून भाजी निवडायला घेऊन जायची.

आमचं काल्हेर म्हणजे ठाण्याहून बाळकूम आणि कशेळीचा पूल ओलांडला की लागणारं भिवंडी तालुक्यातलं गाव. एका अंगाला खाडी. पूर्वी भातशेती, मासेमारी आणि रेतीचं बंदर. भिवंडीत हातमाग फार जुने. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी ते वाढवले असं सांगतात. पुढे वीज आली आणि हातमागाचे यंत्रमाग झाले. शहरात जागा पुरेना तसे ते आजूबाजूच्या गावांत सरकले. माझ्या सासऱ्यांनी नापीक झालेल्या एका शेतात पत्र्याचा गाळा बांधला आणि भिवंडीच्या एका शेठला भाड्यानं दिला. त्यात चोवीस माग बसले.

मी १९९९ ला लग्न होऊन आले. माझं माहेर खाडीपलीकडचं, तिथे हे काही नव्हतं. पहिले आठ दिवस मला झोप नाही. रात्रभर खटॅक खट, खटॅक खट. जमीन हलल्यासारखी वाटायची. सासूबाई म्हणाल्या, “सवय होईल गो. तो आवाज हाय तवर घरात भाडा येते.” आणि खरंच सवय झाली.

सगळ्यात आधी गेले जॉबर काकांकडे. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काका तेव्हा सत्तावीस वर्षांचे. सहा महिने गावी जाऊन शेतात राबले, परत आले, काकींचे दागिने मोडले. शेवटी १९८३ मध्ये एक ओळखीचा माणूस म्हणाला, भिवंडीत चल, मागावर माणूस हवाय.

“मला लाज वाटली, वहिनी,” काका सांगत होते. “संपाच्या काळात मालकांनी कापड कुठून विणून घेतलं? भिवंडीतनंच की. कापड इथलं, वर शिक्का गिरणीचा. आम्ही तिकडे उपाशी बसलोय आणि इथले माग रात्रंदिवस चाललेत. आमचा संप भिवंडीनं मोडला. आणि आमचं पोटही भिवंडीनंच भरलं. आता कुणाला शिव्या द्यायच्या?”

गिरणीत आणि लूममध्ये फरक काय, मी विचारलं. काकांनी बोटांवर मोजलं. गिरणीत आठ तासांची पाळी, इथे बाराची. तिकडे साप्ताहिक सुट्टी पगारी, इथे वीज जाईल ती सुट्टी. तिकडे बोनस, फंड, ईएसआयचा दवाखाना, कॅन्टीनचा चहा. इथे मीटरवर पैसे, जितकं विणाल तितकं. एकेकाकडे सहा-सहा, आठ-आठ माग. “पण एक सांगतो,” काका म्हणाले, “इथं काम होतं. कधीही या, कुठल्याही जातीचे, कुठल्याही मुलखाचे या, दुसऱ्या दिवशी मागावर उभे राहा. गिरणीच्या गेटवर बदलीवाला म्हणून मी तीन वर्षं उभा होतो.”

काका मोठ्यानं बोलतात. लूमवाले सगळेच मोठ्यानं बोलतात. आम्हाला वाटायचं भांडतायत. खरं म्हणजे त्यांना ऐकूच कमी येतं. काकींनी सांगितलं, टीव्हीचा आवाज इतका ठेवतात की शेजारचे येतात. त्यांच्या खोकल्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “कापसाची तूस तीस वर्षं नाकातोंडात गेली, ती काय आता जाणार आहे?”

दुसऱ्या अक्का. तेलंगणातून आलेलं पद्मशाली कुटुंब. भिवंडीच्या पद्मानगर, कामतघर भागात ही मंडळी खूप. अक्कांचे यजमान विणकर आणि अक्का भिशी चालवायच्या. आपण महिन्याला पैसे जमवून चिठ्ठी काढतो ती भिशी नव्हे. इकडे मागावरच्या माणसांच्या सामायिक जेवणालाही भिशी म्हणतात. बायकामुलं उत्तर प्रदेशात, बिहारात ठेवून आलेली माणसं. एका खोलीत दहा-बारा राहणार, पाळीपाळीनं झोपणार आणि दोन वेळा अक्कांकडे जेवणार. डाळ, भात, रोटी, एक भाजी. हिशेब पगाराच्या दिवशी.

“सुबह चार बजे उठायची मी,” अक्का त्यांच्या मराठी-हिंदीत सांगत होत्या. “रातपाळीवाला येतो ना, त्याला गरम पाहिजे. एक दिवस लेट झाला तर भांडण. पण कुणी बीमार पडला तर पेज करून मीच देणार. त्याची मा तर गावाला.”

हे ऐकताना मला गिरणगावच्या खाणावळवाल्या आठवल्या. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांना सावकारी व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आमच्या भिशीवाल्या अक्कांपर्यंत असं कुणी पोचलं नाही. त्यांच्या भिंतीवर कोळशानं खुणा होत्या. एक उभी रेघ म्हणजे एक जेवण. लूम बंद झाली तेव्हा अठरा माणसांच्या रेघा भिंतीवर तशाच राहिल्या. काही जणांनी नंतर गावाहून पैसे पाठवले, हेही अक्का आवर्जून सांगतात. बाकीच्यांचं काय, विचारलं तर म्हणाल्या, “त्यांना पण मिळाला नाही ना पगार. मला कुठून देणार?”

अक्कांच्या जाऊबाई विड्या वळतात. त्यांच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे, पीएफचा नंबर आहे. अक्कांनी ते कार्ड मला कौतुकानं दाखवलं. एकाच घरातल्या दोन बायका, दोघीही पहाटेपासून राबणाऱ्या. एकीजवळ कागद, दुसरीजवळ भिंतीवरच्या रेघा.

कागदाची किंमत जॉबर काकांना बरोबर कळली होती. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं मिळायला हवीत म्हणून मोठा लढा झाला. २०१२ मध्ये म्हाडानं ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्ज मात्र दीड लाखाच्या वर. काकांनीही अर्ज केलाय. १ जानेवारी १९८२ ला आपण गिरणीच्या हजेरीपटावर होतो हे दाखवायला लागतं. काकांनी गिरणीचा पास आणि ईएसआयचं कार्ड चाळीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत, बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलंय. घर अजून लागलेलं नाही. पण यादीत नाव आहे. “नाव आहे” हे सांगताना काकांचा चेहरा बघावा.

आता कारखाना बंद कसा पडला ते. एका दिवसात कुठलाच कारखाना बंद पडत नाही. घरातलं म्हातारं माणूस जसं आधी एक पोळी कमी खातं, मग जिना उतरायचं बंद करतं, तसं ते होतं.

२००५-०६ च्या सुमाराला भारनियमन इतकं वाढलं की दिवसातले कितीतरी तास माग थंड. काम मीटरवर, त्यामुळे माग थांबला की मजुरीही थांबली. २००७ ला भिवंडीची वीज खासगी कंपनीकडे आली, वीज बरीच नियमित झाली, पण बिलाचा आकडा बघून शेठ कपाळाला हात लावायचे. सुताचे भाव आज एक तर आठ दिवसांनी दुसरे. शेठ सूत चढ्या भावानं घ्यायचे आणि ग्रे कापड विकायच्या वेळी भाव पडलेला असायचा. तोवर बिनधोट्याचे नवे, वेगवान माग आले. १९९९ पासून सरकारची त्यासाठी अनुदानाची योजनाही होती. पण ज्याच्याकडे भाड्याचा गाळा आणि चोवीस जुने माग, त्याला बँक किती कर्ज देणार? आमच्या शेठनी कागदपत्रं जमवली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. पाचशे-हजारच्या नोटा बंद. या धंद्यात पगार सगळा रोखीचा. कांडीवाल्या मावशींचं तर तेव्हा खातंही नव्हतं. दोन हप्ते पगार नाही, म्हणून उत्तरेकडची माणसं गावी निघाली. जी गेली त्यातली निम्मी परतली. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. शेठचे मेहता म्हणजे पस्तीस वर्षं लाल वहीत हिशेब लिहिणारे गृहस्थ. ते म्हणाले, “आता कॉम्प्युटर शिकायचं वय राहिलं नाही.” आधी रातपाळी बंद झाली. मग चोवीसातले बारा माग झाकून ठेवले. त्या दिवाळीनंतर उरलेले बारा सुरूच झाले नाहीत.

डिसेंबरात भंगारवाल्याचा टेम्पो आला. माग किलोवर विकले गेले. लोखंड वेगळं, लाकूड वेगळं. जॉबर काका येऊन कोपऱ्यात उभे होते. कुठला माग कसा कुरकुरतो, कुणाचा पट्टा कधी बदलला, हे त्या माणसाला तोंडपाठ. भंगारवाल्याच्या पोरानं एका मागावर घण घातला तेव्हा काका म्हणाले, “अरे, तिथं नको, नट आहे, खोलून देतो.” आणि खिशातला पाना काढून त्यांनी चोवीसच्या चोवीस माग स्वतः खोलून दिले. मजुरी न घेता.

मी सगळ्यांना चहा दिला. कप परत घ्यायला गेले तेव्हा मावशी माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “वहिनी, शेठ तुमच्या घरात बसलेत. विचाराल का जरा? बावीस वर्षांचं काही मिळेल का? निदान शेवटचा महिना?”

मी म्हटलं, “विचारते हं.”

आणि मी विचारलं नाही.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. आत ओटीवर डिपॉझिटचा हिशेब चालला होता. शेठकडून तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, ते सासऱ्यांनी डिपॉझिटमधून वळतं करून घेतलं. मी दारात गेले, तेव्हा यजमानांनी नजरेनंच सांगितलं, मध्ये पडू नकोस. मी कप विसळायला गेले. पुढच्या महिन्यात गाळ्याला नवा पत्रा लागला आणि तो गोदाम म्हणून गेला. भाडं आधीपेक्षा बरंच जास्त. मुलाची इंजिनीअरिंगची फी त्यातूनच भरली. मावशी रस्त्यात भेटायच्या, पण त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्याचंच मला जास्त लागायचं.

सभामंडपातल्या त्या दिवसानंतर मी मावशींना घेऊन शेठकडे गेले. मनात वाटत होतं, मोठा बंगला असेल, आपण दोन शब्द सुनावून येऊ. भिवंडीत एका जुन्या इमारतीत दोन खोल्या. शेठ पाय सुजलेले, खाटेवर. लॉकडाऊनमध्ये धाकटा भाऊ गेला, सूतवाल्यांचं देणं अजून फिटलेलं नाही. त्यांच्या सूनबाईंनी पाणी दिलं. मावशींनी आपलं म्हणणं सांगितलं, भांडण न करता, जशी त्या कांडी भरायच्या तशी, एकेक.

मी ग्रॅच्युइटीचं बोलले. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात पाच वर्षं सलग काम केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार असं होतं. बावीस वर्षांचे तीनशे तीस दिवस झाले. शेठ शांतपणे म्हणाले, “कायदा दहा माणसांना. माझ्याकडे कागदावर दहा माणसं कधी नव्हतीच. बारा माग माझे, बारा भावाचे. दोन कारखाने.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला माहीतच असेल, वहिनी. भाडेकरार दोन केले होते. तुमच्या सासऱ्यांचीच सही आहे दोन्हींवर.”

मला माहीत नव्हतं. पण घरी येऊन कपाट उघडलं आणि दोन्ही करार सापडले. एकच गाळा, एकच दार, मध्ये भिंतसुद्धा नाही. कागदावर दोन. दहाच्या आत माणसं दाखवली की बरेचसे कायदे दाराबाहेरच थांबतात, आणि ते दार आमचं होतं. सासरे २०१९ लाच गेले. त्यांना विचारण्याची सोय नाही. भिवंडीत सगळे असंच करायचे, त्यांनीही केलं असेल. त्यांना वाईट माणूस मी म्हणणार नाही. गावातल्या कितीतरी पोरींच्या लग्नात त्यांनी तांदूळ दिलाय.

शेठनी त्या दिवशी खाटेखालून मेहतांच्या वह्या काढायला लावल्या. विणकरांची नावं होती. कांडीच्या पानावर मात्र “कांडीवाली १, कांडीवाली २, कांडीवाली ३” आणि पुढे आकडे. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, “माझं नाव कुठाय?” मी बोट ठेवलं आणि म्हटलं, “ही दोन नंबरची तुम्ही.” त्या बघत राहिल्या. मग शेठना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एक कोरा कागद मागवला आणि थरथरत्या हातानं लिहून दिलं, की या बाईंनी १९९५ ते २०१७ माझ्या यंत्रमाग कारखान्यात कांडी भरण्याचं काम केलं, कामात चोख होत्या. खाली सही, तारीख. नाव मात्र पूर्ण लिहिलं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनावासकट.

त्या कागदानं कुठलं पेन्शन मिळत नाही. मी वकील मैत्रिणीला विचारून आले. इतकी वर्षं उलटल्यावर, माग भंगारात गेल्यावर, दावा उभा करणं फार अवघड आहे, असं ती म्हणाली.

घरी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. करार दाखवले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “शेवटच्या महिन्याचा तरी दे गो. आपण भाडा कापला, त्यांचा कुणी नाय दिला.” तिघी कांडीवाल्यांपैकी एक गावी गेलीय, तिचा पत्ता लागला नाही. दोघींना मी तो शेवटचा महिना दिला. चार वर्षं उशिरानं दिलेल्या पैशांचा मोठेपणा नसतो, म्हणून हे सांगताना मान काही ताठ होत नाही. मावशींनी नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि म्हणाल्या, “हा महिन्याचा झाला, वहिनी. वर्षांचं राहिलंच.”

मी काय उत्तर देणार?

आज आमच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत, दोन्ही बाजूंना टॉवर आणि गोदामं. मुंबईची जकात चुकवून माल उतरवायला ही गोदामं सुरुवातीला वाढली. ती जकात २०१७ ला गेली, पण गोदामं राहिली, उलट वाढली. तुम्ही मोबाइलवर मागवलेली साडी, कुकर, चप्पल कदाचित आमच्याकडूनच निघत असेल. मावशींची सून अशाच एका गोदामात पॅकिंगला जाते. उभ्यानं काम, बारकोड, टेप, खोकं. मी तिला विचारलं, “कंपनी कुठली?” म्हणाली, “कंपनी नाही माहीत. ठेकेदाराचं नाव माहितीये.” “पगाराची पावती?” “व्हॉट्सअॅपवर आकडा येतो.” “पीएफ कापतात?” “कापतात म्हणे.”

“कापतात म्हणे” हे शब्द ऐकले आणि मला मेहतांची वही डोळ्यांपुढे आली. कांडीवाली २.

त्या दिवसापासून आमच्या गटात एक नियम केलाय. बचतीच्या वहीबरोबर प्रत्येकीची एक कामाची वही. कुठे काम, कधीपासून, ठेकेदार कोण, मूळ कंपनी कुठली, हातात किती आले. ओळखपत्राचा फोटो, हजेरीचा फोटो, पगाराचा मेसेज जपून ठेवायचा. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर मागून घ्यायचा आणि खात्यात पैसे खरंच जमा होतात का, ते मोबाइलवर बघायचं. पहिल्याच महिन्यात बघितलं तर तिघींच्या खात्यात काहीच नव्हतं. त्या एकत्र जाऊन विचारून आल्या. एकटी गेली की “उद्यापासून येऊ नको” म्हणतात, तिघी गेल्या की “बघतो” म्हणतात. दोन महिन्यांनी दोघींचे पैसे जमा झाले. तिसरीचं भांडण अजून चालू आहे.

कारखाने बंद पडतात. गिरण्या गेल्या, लूम गेल्या, ही गोदामंही कधीतरी दुसरीकडे जातील. ते थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण तिथे कोण राबलं, हे नावानिशी लिहून ठेवणं तर आहे?

मावशींनी शेठचा तो कागद लॅमिनेट करून आणलाय. तो त्यांनी देवांच्या फोटोशेजारी लावलाय. परवा हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्यांची नात, पाचवीतली, पाहुण्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवत होती. “कामात चोख होत्या” इथे आली की मावशी दर वेळी तिला थांबवतात आणि म्हणतात, “हे परत वाच.”